मला कोणी अडवलं नव्हतं

कल्याण, चैत्र वद्य, सन १८७४

पत्राच्या माथ्यावर काय लिहावं ते ठरेना, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुम्ही ठाण्याच्या शाळेत मास्तर होऊन गेलात, तेव्हा पहिल्या पत्रात मी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं. सुटीत घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "अगं, मी काय तुझा बाप आहे?" आणि मग बरोबर मायना शिकवलात. तो आता चालायचा नाही. तुम्ही बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं, त्याच आठवड्यात मामंजींनी दुर्गाडीखाली खाडीच्या काठावर तुमच्या नावाचा घट फोडला. पाठ फिरवून मडकं लवंडलं, स्नान केलं आणि घरी येऊन म्हणाले, "गोपीनाथ गेला." तेव्हापासून या घरात तुम्ही मेलेले आहात. मेलेल्या माणसाला काय म्हणून लिहायचं, ते तुम्ही शिकवलं नव्हतं.

आणि त्या मेलेल्या माणसाने माझ्यावर समन्स काढलं. 'बायकोने माझ्याकडे नांदायला यावं, नाहीतर कोर्टाने लग्न मोडून द्यावं.' मामंजींनी ते ओटीवर मोठ्याने वाचलं. सासूबाई दाराआड होत्या, मी त्यांच्या मागे. असा काही कायदा आहे हे आम्हांला तेव्हाच कळलं.

तुमचा निरोप गुणाजीने दिला. डोंबिवलीहून मिठाच्या गोणी घेऊन तो ठाण्याला जातो, हे तुम्ही बरं हेरलंत. मागल्या दाराशी येऊन म्हणाला, "बाय, मास्तर इचारतान, कोर्टान बोललीस तां तुजा होता का दुसऱ्याचा?"

तर ऐका. कारकुनाने मला विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?" मी गप्प. त्याने पुन्हा विचारलं. सोबतीला आलेल्या ठमाबाई म्हणाल्या, "अहो, बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेईल का?" तो म्हणाला, नाव आल्याशिवाय काम पुढे जात नाही. शेवटी जज्जसाहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. मी तुमचं नाव लिहिलं. साहेब कागदाकडे बघत राहिले. "कोणी शिकवलं लिहायला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "यांनीच."

मग त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. त्यांची मराठी मोडकी, पण कळत होती. "बाई, इथे आता कोणी नाही. तुमची मर्जी काय? नवऱ्याकडे राहणार की नाही राहणार?"

देवीची मर्जी ऐकली होती. सरकारची ऐकली होती. घरात मामंजींची मर्जी बघूनच चूल पेटते. माझी मर्जी मला कोणी विचारली नव्हती. मी सांगितलं, "धर्म सोडलेल्या माणसाकडे मी नांदणार नाही." साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, एक वर्षाने पुन्हा विचारीन, तोवर विचार करा.

ते उत्तर माझंच होतं. पुन्हा विचारू नका.

उत्तरा


कल्याण, भाद्रपद, सन १८७४

काल ठाण्याला आपली भेट झाली, ती जज्जसाहेबांनी ठरवून दिली म्हणून. दोन्ही पक्षांना चालेल असं माणूस हवं होतं, त्यात ठमाबाईंचं नाव निघालं. त्यांना ऐकू कमी येतं हे दोन्ही पक्षांनी सांगितलं नाही. त्या जपमाळ ओढत बसल्या आणि आपण बोललो. घरी आल्यावर जे आठवलं ते लिहून ठेवावं असं वाटलं. ते तुमच्याकडेच पाठवते आहे.

तुम्ही बारीक झाला आहात. बूट घालता. शेंडी नाही. मला वाटलं होतं तुमचा चेहराच बदलला असेल, पण तुम्ही बसल्यावर आधी चश्मा धोतराच्या सोग्याला पुसलात, अगदी पूर्वीसारखा. मला तेवढ्यानेच रडू आलं.

तुम्ही म्हणालात, "तुला ख्रिस्ती हो असं मी कधी म्हणणार नाही. तुझी चूल वेगळी, पाण्याची घागर वेगळी. तुझे देव कोपऱ्यात मांड. मी हात लावणार नाही."

मी विचारलं, "डोक्यावर पाणी घेण्याआधी मला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

तुम्ही पुन्हा चश्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीत."

"म्हणून विचारलं नाही," तुम्ही म्हणालात. "उत्तरे, ते माझं मला ठरवायचं होतं. त्यात मी खोटा नाही. पण त्याचा भार तुझ्यावर पडला, हे खरं. आता विचारतो आहे."

तुम्ही खोटं बोलला नाहीत म्हणून मीही सांगते. चैत्रात कोर्टात मी बोलले ते वाक्य मामंजींनी शिकवलं होतं. गाडीत, पारसिकच्या बोगद्याच्या अंधारात, त्यांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. 'माझंच होतं' असं तुम्हांला लिहिलं, कारण मला राग होता. आणि शिकवलेलं बोलले हे सांगायची लाज वाटली.

घरात सध्या माझी जागा कोणती ते कोणालाच कळत नाही. मी कुंकू लावते. सासूबाई काही म्हणत नाहीत. पण हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, आणि आलं तर जाऊ नये असं मलाच वाटतं. परवा भिक्षुक मंडळी मामंजींकडे आली होती. मला काय म्हणून धरायचं, सुवासिनी की विधवा, यावर बोलणं झालं. मी आत भाजी चिरत होते. मामंजी म्हणाले, "कोर्टाचं होईपर्यंत गप्प बसा."

तुम्ही जाताना म्हणालात, "घाई नाही. तुझं तू ठरव." तेव्हापासून तेच ठरवते आहे. तांदूळ निवडताना खड्यांबरोबर दाणेही फेकते.

उत्तरा


कल्याण, पौष, सन १८७५

टेंभीनाक्याजवळची खोली सोडून दोन खोल्यांचं घर घेतल्याचं कळलं. स्वयंपाकघराला चुना दिला, पितळेची घागर आणली, हे वाचून हसू आलं. घागर कल्हईची आहे का पाहिलीत? पितळेत नुसतं ताक ठेवलं तर काय होतं ते तुम्हांला कुठलं माहीत.

आता एक गोष्ट सांगते, ती कोणाला बोलू नका. सासूबाईंना आपली पत्रं जातात-येतात हे ठाऊक आहे. कधीपासून ते विचारलं नाही. काल दुपारी मामंजी विठ्ठलवाडीच्या शेतावर गेले होते. सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं आणि ट्रंकेतून त्यांची हिरवी इरकल काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"तो एकटा जेवतो का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो. मिशनचा एक म्हातारा भात घालतो."

"त्याला भात मोकळा लागतो," त्या म्हणाल्या. मग इरकलीवरून हात फिरवत राहिल्या. "उत्तरे, मी तुला जा म्हणणार नाही. राहा म्हणणार नाही. पण गेलीस तर माझ्या जिवाला बरं वाटेल. मला जाता येत नाही. तू जाऊ शकतेस."

त्या एवढ्या बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले, तर त्यांनी मला उठवून जवळ घेतलं.

तेव्हा माझं ठरलं. चैत्रात साहेब विचारतील तेव्हा 'राहणार' असं सांगेन. माझे देव आणीन. रविवारी तुम्ही तुमच्या देवळात जा, मी माझं करीन. लोक काय म्हणतील त्याचा विचार करून झाला. ते आताही म्हणतातच.

घागरीचं बघा.

उत्तरा


कल्याण, चैत्र वद्य, सन १८७५

मी काय सांगितलं ते तुम्हांला साहेबांनी वाचून दाखवलं. त्यात चूक नाही. कोर्टाचा कागद होईल आणि तुम्ही मोकळे व्हाल.

का, ते विचारू नका. गुणाजीबरोबर निरोप पाठवू नका. त्या घराचं पुढलं भाडं भरू नका. वाट बघू नका.

उत्तरा


कल्याण, आषाढ, सन १८८४

आपले पत्र पावले.

इतक्या वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं आणि ओळखलं. नाशकाला मिशनच्या शाळेत हेडमास्तर झालात, तुमची मंडळी चांगली आहे, दोन मुली आहेत, हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं. मी इथे मुलींच्या शाळेत शिकवते. पहिल्या इयत्तेच्या पोरी मला 'मास्तरीणबाई' म्हणतात आणि वर्गाबाहेर माझी नक्कल करतात.

तुम्ही लिहिलंत, 'आईचे डोळे गेले, ती मला भेटायला झुरते आहे, हे तू कळवलंस. परंतु ज्या घरात तुला धाकदपटशा करून माझ्यापासून तोडलं, त्या घराची पायरी मी चढणार नाही. तुझ्यावर माझा कधीच राग नव्हता. तू काय करणार होतीस? तुझ्या हातात काय होतं?'

हे वाक्य मी अनेकदा वाचलं. सांगायला लाज वाटते, पण मला ते फार गोड लागलं. एवढ्या वर्षांत कोणी माझ्याबद्दल असं लिहिलं नव्हतं. पत्र ज्येष्ठात आलं. उत्तर आज लिहिते आहे. मधले दिवस मी ते वाक्य जवळ ठेवलं. पण ते खोटं आहे. ते तसंच राहू दिलं तर सासूबाई तुम्हांला न भेटता जातील.

त्या दिवशीचं सांगते.

सासूबाईंनी माझं बोचकं बांधून दिलं होतं. इरकल, दोन लुगडी, देवांची पेटी. मामंजींनी ते बोचकं पाहिलं आणि स्वतः उचलून टांग्यात ठेवलं. गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, बोगदा आला की या वर्षीचं वाक्य शिकवतील. बोगदा आला आणि गेला. कोर्टाच्या पायऱ्यांवर मात्र थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, गेल्या खेपेला उत्तर मी दिलं, तुझ्या तोंडून. ते मला बरोबर वाटलं नाही. या खेपेला तुला वाटेल ते सांग. तू गेलीस तर मी येऊन भेटणार नाही, ते माझ्याने व्हायचं नाही. पण तुझ्या नावाचा घट मी फोडणार नाही."

हे तुम्हांला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्यांना आणि मला फक्त.

मी आत गेले. साहेबांचे कागद लावून व्हायचे होते, म्हणून मी खिडकीपाशी उभी राहिले. आवारात चिंचेखाली तुम्ही होतात. अंगात नवा कोट. पाद्रीबाई आल्या होत्या, त्यांच्या हातात फुलं होती. तुमचे दोन मित्र होते. टांगा उभा होता आणि टांगेवाल्याने घोड्याला चारा घातला होता. तुम्ही हसत होतात. कोणीतरी तुमचा हात हातात घेऊन हलवला. अजून मला कोणी काही विचारलंही नव्हतं, आणि तुमचं अभिनंदन चाललं होतं.

त्यात तुमचं काय चुकलं? मीच तर 'येते' म्हणून लिहिलं होतं. तरी माझ्या आत काहीतरी ताठ झालं. मनात आलं, पहिल्यांदा यांनी मला विचारलं नाही, कारण मी 'नको' म्हणेन हे यांना माहीत होतं. आता विचारताहेत, कारण मी 'हो' म्हणेन हे माहीत आहे. बापाने इथे दिली, आता सासूबाई तिथे देताहेत, आणि टांगा उभा आहे.

साहेबांनी विचारलं, "काय ठरवलं, बाई?"

मी म्हटलं, "नाही राहणार."

त्यांना ते अनपेक्षित होतं. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "कोणी दम दिला आहे का? घाबरू नका. बाहेर शिपाई आहे."

"कोणी दिला नाही."

"मग पुन्हा विचारतो," ते म्हणाले आणि थांबले. बाहेर कोणी विहिरीवर पाणी ओढत होतं, रहाटाचा आवाज येत होता. साहेबांनी मला घाई केली नाही. तेवढ्या वेळात सगळं फिरवता आलं असतं. ते मला कळत होतं. तुमचं चुना दिलेलं स्वयंपाकघर मला न बघता दिसत होतं. मी म्हटलं, "नाही."

पहिलं 'नाही' रागाच्या भरात गेलं असं म्हणता येईल. दुसरं मी विचार करून म्हटलं. भीती होती का? होती. परक्या वस्तीत सण एकटीने करायचे, याची होती. पण भीतीमुळे मी नाही म्हटलं असतं, तर आज हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं. तुम्हांला एकदा कळावं, की न विचारता कोणी ठरवलं तर कसं लागतं, हेही त्यात होतं. आणि एकदा तरी माझा शब्द कोणाला आधी माहीत नसावा, हेही होतं. यातलं किती कोणतं, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू. गाडीने खाडीचा पूल ओलांडला तेव्हाही हलकंच वाटत होतं. कल्याणला घरात शिरले आणि सासूबाई दारात दिसल्या. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, मामंजी बोचकं घेऊन उतरत होते. तेव्हा मी काय केलं ते मला कळलं.

सासूबाई मामंजींना म्हणाल्या, "तुम्ही तिला जाऊ दिलं नाहीत."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते बोचकं ठेवून विहिरीवर पाय धुवायला गेले.

दोन दिवसांनी तुम्ही गुणाजीला पाठवलंत. त्याने विचारलं, "मास्तर इचारतान, म्हाताऱ्यान दम दिला का?" मी नुसती रडले. त्याने ठाण्याला जाऊन सांगितलं असेल, बाय काय बोलत नाय, निस्ती ररते. तुम्ही त्याचा अर्थ लावलात. मी लावू दिला.

त्यानंतर सासूबाई मामंजींशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, औषध द्यायच्या, पण शब्द नाही. काही लागलं तर मला सांगायच्या, "त्यांना सांग, तेल संपलं." ते समोरच बसलेले असायचे. मी त्यांना सांगायची, तेल संपलं. घर असंच वर्षानुवर्षं चाललं.

आणि त्याच माणसाने माझ्यासाठी काय केलं, ते ऐका. कोर्टाचा कागद झाल्यावर भिक्षुक पुन्हा आले. म्हणाले, घट फोडला आहे, लग्न मोडलं आहे, हिचं वपन करा. मामंजी म्हणाले, "गोपीनाथ ठाण्यात जिवंत आहे. हिच्या केसांना कोणी हात लावला तर मी त्याचा हात धरीन." श्राद्धाला ब्राह्मण मिळेनासे झाले, तरी ते हलले नाहीत. शाळेत शिकवायला जा म्हणणारेही तेच. पहिल्या दिवशी मला शाळेपर्यंत पोचवायला आले, वीस पावलं पुढे चालत, जसे काही वेगळ्याच कामाला निघाले होते.

शेवटच्या दुखण्यात मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्ही सासूबाईंना खरं का सांगत नाही?"

ते म्हणाले, "सांगितलं तर तिचा राग तुझ्यावर येईल. तुला तिच्याजवळ राहायचं आहे. माझं काय, मी आता निघालोच." मग म्हणाले, "आणि पहिल्या खेपेला शिकवलं होतंच की मी."

तेव्हा तरी मी उठून माजघरात जायला हवं होतं. गेले नाही. उद्या सांगू, त्यांना बरं वाटलं की सांगू, असं करत राहिले. ते गेले तेव्हा सासूबाई त्यांच्या उशाशी होत्या, पण बोलल्या नव्हत्या. तुम्हांला तार केली होती. तुम्ही आला नाहीत.

तुम्ही विचारलंत, तुझ्या हातात काय होतं. सगळं होतं. मला कोणी अडवलं नव्हतं. तुमच्याकडे आले असते तर सुखी झाले असते का, ते मला माहीत नाही. कधी वाटतं, झाले असते. शाळेतल्या एखाद्या पोरीने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं की वाटतं, इथेच बरी आहे. पण ठरवलं ते मी, आणि त्याचं ओझं एका म्हाताऱ्या माणसाला वाहू दिलं तेही मीच.

आता तुम्हांला या घराची पायरी न चढायला काही कारण राहिलं नाही. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टपालात टाकलं की सांगणार आहे. आधी सांगितलं आणि त्या रडल्या, तर पत्र टाकायचं धैर्य राहणार नाही.

उत्तरा


कल्याण, कार्तिक शुद्ध, सन १८८४

तुमचं रागाचं पत्र मिळालं. रागवायला जागा आहे, म्हणून मधे काही लिहिलं नाही.

तुम्ही लिहिता, 'मी वडिलांचा द्वेष केला तो तुझ्यामुळे. त्यांच्या अंत्यकाळी आलो नाही तेही तुझ्यामुळे.' पहिलं वाक्य मी घेते. ते माझंच आहे आणि मी मरेपर्यंत माझ्याजवळ राहील. दुसरं घेता येत नाही. तार तुमच्या हातात पडली होती. राग असतानाही माणूस येतो, किंवा येत नाही. तुम्ही आला नाहीत, ते तुम्ही ठरवलंत. मी तुमच्यावर दोष ठेवत नाही. पण माझ्या नावावर माझं आहे तेवढंच पुरे आहे.

सासूबाईंना सांगितलं. दुपारी त्या ओसरीवर वाती वळत होत्या. डोळ्यांनी दिसत नाही तरी वाती सरळ होतात. मी शेजारी बसले आणि पायऱ्यांवर मामंजी काय म्हणाले तिथपासून सगळं सांगितलं. मधे एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. सांगून झालं तेव्हा हातातला कापूस तसाच होता.

"म्हणजे त्यांनी अडवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि मी त्यांना..." त्या उठल्या, भिंत धरत मामंजींच्या खोलीत गेल्या. ती खोली आता रिकामी असते, नुसता पलंग आहे. आत बसून त्या बोलत होत्या. काय ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. बऱ्याच वेळाने आवाज थांबला.

मला वाटलं, त्या मला घराबाहेर काढतील. माझी तयारी होती. शाळेच्या मागे एक खोली बघून ठेवली होती. त्यांनी काढलं नाही. पण बोलणं बंद झालं. मामंजी कुठल्या घरात राहत होते, ते मला तेव्हा कळलं. मी ताट वाढायची, त्या जेवायच्या. श्रावण असा गेला, भाद्रपद गेला. 'तेल संपलं' हे सांगायलाही मधे कोणी नव्हतं.

दसऱ्याला मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझं डोकं धरून ठेवलं. म्हणाल्या, "आता मी कोणाशी अबोला धरणार नाही. पुरे झालं." आणि थोड्या वेळाने विचारलं, "गोपीनाथाचं काय उत्तर आलं?"

मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, रागाचं सगळं, काही न गाळता. 'मला विचार करायला वेळ हवा' असं तुम्ही शेवटी लिहिलंत, तेही. त्या म्हणाल्या, "त्याला हवा असेल. माझ्याजवळ नाही."

मग म्हणाल्या, "तो येत नसेल तर मी जाते."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. घाटातून दिवसभराचा प्रवास आहे. ते ख्रिस्ती घर आहे. तिथलं पाणी घेतलंत तर इथे परतल्यावर लोक पंक्तीला घेणार नाहीत, प्रायश्चित्त सांगतील, कदाचित तेवढ्यावरही भागणार नाही. मामंजींच्या श्राद्धाला पुन्हा अडचण येईल. मी काही लपवलं नाही. या घरात तसं फार झालं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे सगळं मला ठाऊक आहे. घट फोडला तेव्हा मी काही बोलले नाही. तू निघालीस तेव्हा तुझ्या हाती साडी दिली, आणि मी घरात बसले. जायचं होतं मला, आणि पाठवत होते तुला." मग म्हणाल्या, "मी गेल्यावर आळीतल्या बायका विचारायला येतील, म्हातारीला कोणी फूस लावली म्हणून. त्यांना सांग, मला कोणी नेलं नाही. मी गेले."

तेव्हा आम्ही येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने निघतो आहोत. शाळेतून मी दोन दिवसांची रजा मागितली आहे. सोबत मी आहे, पण नाशकाच्या स्टेशनापर्यंतच. तुमच्या घरी येणार नाही. तुमच्या मंडळींना, मुलींना माझे आशीर्वाद सांगा, किंवा सांगू नका, तुम्हांला बरं वाटेल तसं करा. संध्याकाळच्या गाडीने मी परत फिरेन.

त्या तुमच्याकडे जेवतील, असं त्यांनीच ठरवलं आहे. दात राहिले नाहीत, भात मऊ लागतो. रात्री उठतात तेव्हा दाराची दिशा कोणी तरी हाताला धरून दाखवावी लागते, एकदा दाखवली की लक्षात राहते. तुमच्याशी बोलताना त्या आधी तुमच्या तोंडावरून हात फिरवतील. दाढी ठेवली असेल तर त्यांना आधी सांगा.

गाडीची पायरी उंच असते आणि त्यांना ती दिसत नाही. मी वरून धरीन. खालून त्यांना उतरवून घ्यायला तुम्ही उभे राहा.

उत्तरा